दोष व्यायामाचा की क्रमाचा?

२०२५ साली अमेरिकेतील एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल स्पर्धेच्या बाद फेरीत अवघ्या आठ आठवड्यांत तीन अग्रगण्य खेळाडूंची टाचेमागील मोठी कंडरा तुटली. २७ एप्रिल रोजी मिलवॉकी संघाचे डेमियन लिलार्ड, १२ मे रोजी बोस्टनचे जेसन टेटम आणि २२ जून रोजी अंतिम मालिकेच्या सातव्या, निर्णायक सामन्यात इंडियानाचे टायरीस हॅलिबर्टन. तिघेही ऐन तारुण्यातील वा प्रौढ वयातील, तिघेही क्रीडावैद्य, आहारतज्ज्ञ व व्यायामप्रशिक्षक यांच्या देखरेखीखाली असलेले, आणि तिघांपैकी एकालाही प्रतिस्पर्ध्याची धडक बसली नव्हती. पाय रोवून पुढे झेप घेण्याच्या साध्या क्रियेत कंडरा तुटली. अशा घटनांनंतर तेथे एक प्रश्न हमखास विचारला जातो: या दुखापतींना तालमीच्या पद्धतीच जबाबदार आहेत काय?

परदेशातील खेळाची चर्चा वैद्यांच्या त्रैमासिकात कशाला, असे कोणी विचारील. व्यायाम हा आपल्या दिनचर्येचा विषय आहे आणि अतिव्यायामाचे दुष्परिणाम आपल्या संहितांनी नावानिशी सांगितले आहेत. म्हणून या प्रश्नावर आपल्यापाशी उत्तर तयारच असते, आणि ते उत्तर फार घाईचे आहे असे आमचे मत आहे. त्याचा परामर्श घेणे हा या लेखाचा हेतू होय.

आपले सोपे उत्तर

वैद्यांच्या मेळाव्यांत हा विषय निघाला की अर्धशक्तीचा दाखला दिला जातो. वाग्भटाने बलवान व स्निग्धभोजी माणसानेही शीतकाळी व वसंतात अर्ध्या शक्तीनेच व्यायाम करावा असे सांगितले. सुश्रुताने अर्ध्या बलाची खूण म्हणून मुखाने श्वास सुरू होण्याचा उल्लेख केला. अतिव्यायाम, जागरण, प्रवास यांचे अतिसेवन करणारा मनुष्य हत्तीला ओढू पाहणाऱ्या सिंहाप्रमाणे नष्ट होतो, हा दृष्टांतही आपणा सर्वांस पाठ आहे. एवढे सांगून आपण मोकळे होतो: पाश्चात्त्यांनी अर्धशक्तीचा नियम मोडला, त्याचे फळ ते भोगीत आहेत.

हे उत्तर दोन कारणांनी अपुरे आहे. पहिले असे की, अर्धशक्तीचा नियम स्वस्थाच्या दिनचर्येसाठी आहे. व्यावसायिक खेळाडूचा उद्योग हा स्वभावतःच साहसाचा आहे. सैनिक, हमाल किंवा ऊसतोड कामगार यांना आपण अर्ध्या शक्तीने काम करा असे सांगत नाही. त्यांचे बल कामाच्या तोडीचे कसे होईल हे पाहतो. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. चरकाने व्यायामाची जी व्याख्या केली तीत शरीराचे स्थैर्य व बलवर्धन हेच त्याचे प्रयोजन सांगितले आणि तो मात्रेने करावा असे म्हटले. म्हणजे योग्य व्यायाम हा दुखापतीपासून रक्षण करणारा आहे. जो रक्षक आहे त्यालाच सरसकट आरोपी ठरवणे शास्त्राला धरून नाही.

आधुनिक अनुभवही याला दुजोरा देतो. एनबीएमधील १९८८-८९ ते २००४-०५ या सतरा हंगामांतील दुखापतींचा आढावा २०१० साली प्रसिद्ध झाला. १,०९४ खेळाडूंच्या १२,५९४ नोंदी त्यात होत्या. वृत्तपत्रांत गाजतात त्या तुटलेल्या कंडरा, परंतु अस्थिसंधींच्या दुखापतींत सर्वाधिक वेळा आढळला तो बाहेरच्या बाजूने मुरगळलेला घोटा, आणि सर्वाधिक दिवस वाया घालवले ते गुडघ्याच्या वाटीमागील दाहाने. पाय विषम पडल्याने वा श्रमाने घोट्याच्या ठिकाणी वात कुपित होतो असे वातकंटकाचे वर्णन आपण वाचतो, त्याच्याशी यातील पहिली दुखापत किती जुळते हे निराळे सांगावयास नको. आता या घोट्याचे रक्षण कशाने होते? एका पायावर तोल साधण्याच्या साध्या व्यायामाने. अमेरिकेतील शालेय फुटबॉल व बास्केटबॉल खेळाडूंवर केलेल्या, २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा तालमीने घोटा मुरगळण्याचे प्रमाण घटल्याचे दिसले. अर्थात तालीम केली म्हणून घोटा गेला असे म्हणण्यापेक्षा योग्य ती तालीम केली नाही म्हणून गेला, असे म्हणण्याचे प्रसंग कमी नाहीत.

हेतूंची फोड

मग दोष कोठे शोधावा? आमच्या मते निदानाची आपलीच रीत येथे उपयोगी पडते. कर्माचा अतियोग, हीनयोग व मिथ्यायोग हे तीन प्रकार आणि सन्निकृष्ट व विप्रकृष्ट हेतू हा भेद लावून पाहिला म्हणजे ‘तालीम’ या एका शब्दाखाली किती भिन्न गोष्टी दडल्या आहेत हे ध्यानी येते. कंडरा ज्या पावलाने तुटली ते पाऊल सन्निकृष्ट हेतू. त्या पावलापर्यंत ती कंडरा कोणत्या वाटेने आली, हा विप्रकृष्ट हेतूंचा विचार होय.

सर्वांत दूरचा हेतू बालपणात आहे. अमेरिकेत आठ-दहा वर्षांची मुले वर्षभर एकच खेळ खेळू लागतात, एकाच वेळी दोन-तीन संघांकडून खेळतात आणि सुट्टीतही स्पर्धांच्या गावोगावी फेऱ्या करतात. तीच उडी, तेच वळण, तोच आघात वाढत्या अस्थींवर व संधींवर हजारो वेळा होतो. २००८ ते २०१५ या काळात एनबीएच्या निवडीत पहिल्या फेरीत घेतल्या गेलेल्या २३७ खेळाडूंचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यांपैकी केवळ ३६ जण माध्यमिक शाळेत असताना एकाहून अधिक खेळ खेळले होते. व्यावसायिक कारकिर्दीत मोठी दुखापत झालेल्यांचे प्रमाण या ३६ जणांत २५ टक्के, तर केवळ बास्केटबॉल खेळलेल्यांत ४३ टक्के आढळले. संख्या लहान आहे आणि केवळ साहचर्यावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, हे मान्य. तथापि खुद्द एनबीए व अमेरिकेची बास्केटबॉल संघटना यांनी २०१६ साली मुलांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि किमान चौदाव्या वर्षापर्यंत एकाच खेळाला वाहून घेऊ नये असे सुचवले. येथे दोष तालमीचाच आहे आणि तो मिथ्यायोगाचा आहे.

दुसरा हेतू सामन्यांचा अतियोग. एनबीएच्या नियमित हंगामात प्रत्येक संघाला ८२ सामने खेळावे लागतात, तेही ऑक्टोबर ते एप्रिल अशा सुमारे सहा महिन्यांत, आणि प्रत्येक सामना ४८ मिनिटांचा. त्यात रात्रीचा विमानप्रवास, बदलते कालविभाग आणि त्यामुळे होणारे जागरण. हंगाम रंगात आला की पूर्ण तालमीला दिवसच उरत नाही, शिल्लक राहतो तो सामना, प्रवास आणि पुन्हा सामना. अशा स्थितीत ‘अतितालीम’ हा शब्दच चुकीचा ठरतो. जो अतियोग होतो तो कार्यक्रमपत्रिकेचा आहे आणि तिचा कर्ता प्रशिक्षक नसून बाजार आहे.

या अतियोगाची जाणीव तेथेही आहे. २०१२ च्या नोव्हेंबरात सॅन अँटोनिओचे प्रशिक्षक ग्रेग पॉपोविच यांनी मायामी येथील सामन्यापूर्वी चार प्रमुख खेळाडूंना विश्रांतीसाठी घरी पाठवले, तेव्हा त्या संघाला अडीच लाख डॉलर दंड झाला. २०१८-१९ मध्ये टोरांटोने काव्हाय लेनर्ड यांना नियमित हंगामात केवळ ६० सामने खेळवले आणि विजेतेपद मिळवले. २०१७-१८ पासून पाच रात्रींत चार सामने ठेवण्याची प्रथा बंद झाली. उलट, तारांकित खेळाडू दिसत नाहीत म्हणून प्रेक्षक नाराज होतात, यास्तव २०२३-२४ पासून प्रमुख वैयक्तिक पुरस्कारांसाठी किमान ६५ सामन्यांची अट घातली गेली.

विश्रांती हेही औषध नव्हे

येथवर आपल्या मताला अनुकूल असे पुष्कळ आहे. परंतु प्रतिकूल पुरावाही मांडणे प्रामाणिकपणाचे होईल. लागोपाठच्या दिवसांचे व परगावचे सामने यांचा दुखापतींशी संबंध आहे, असे २०१२-१३ ते २०१४-१५ या हंगामांच्या अभ्यासात आढळले होते. मात्र जानेवारी २०२४ मध्ये एनबीएने संघांना जो अहवाल पाठवला त्यात विश्रांतीसाठी सामने वगळल्याने पुढील दुखापती कमी होतात असे दिसत नाही, आणि दाट सामन्यांच्या काळात त्या वाढतात असेही दिसत नाही, असा निष्कर्ष होता. अहवाल ज्यांनी काढला त्यांचे सामने भरवण्यात हितसंबंध आहेत, हे खरे. म्हणून तो बाजूस सारता येत नाही. आपल्या औषधांवरील अभ्यास औषध बनवणाऱ्यांनीच केलेले असतात तेव्हा आपण जी तारतम्यबुद्धी वापरतो, तीच येथेही वापरावी.

आम्हांस या विसंगतीत एक धडा दिसतो. विश्रांती ही बलाची जागा घेऊ शकत नाही. ऑस्ट्रेलियाचे क्रीडाशास्त्रज्ञ टिम गॅबेट यांनी २०१६ साली मांडलेला विचार असा की, मोठा भार सोसण्याची सवय ज्या शरीरास क्रमाने लागली आहे त्यास तो भार इजा करीत नाही. इजा होते ती सवयीच्या मानाने भार एकाएकी वाढला म्हणजे. गेल्या आठवड्याचा भार व गेल्या चार आठवड्यांची सरासरी यांचे जे गुणोत्तर त्यांनी सुचवले, त्याच्या गणितावर पुढे बरीच टीका झाली आणि ती रास्त आहे. परंतु मूळ विचार आपणांस अपरिचित नाही. चरकाने सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात व्यायामाचे विवेचन संपवून त्यालगतच पादांशिक क्रम सांगितला: अहिताचा त्याग व हिताचा स्वीकार पादापादाने, मध्ये दिवसांचे अंतर ठेवून करावा. जे क्रमाने अंगवळणी पडते ते ओकसात्म्य. आपण हा क्रम व्यसनमुक्ती व पथ्य यांच्यापुरता शिकवतो. व्यायामाच्या विवेचनाशेजारी तो आला आहे, याचा विचार आपण पुरेसा केलेला नाही.

क्रमलोपाची उदाहरणे

आता पुन्हा त्या तुटलेल्या कंडरांकडे वळू. हॅलिबर्टन यांना १६ जून रोजी, अंतिम मालिकेच्या पाचव्या सामन्यात पोटरीच्या पेशीस इजा झाली होती. सहा दिवसांनी त्याच पायाची कंडरा तुटली. २०१९ मध्ये केविन ड्युरँट यांचे असेच झाले होते: ८ मे रोजी पोटरीची इजा, महिनाभर खेळ बंद, १० जून रोजी थेट अंतिम मालिकेत पुनरागमन आणि त्याच सामन्यात कंडराभंग. इजा झालेल्या स्थानी खवैगुण्य राहते व पुढचा आघात तेथेच फलित होतो, हे वेगळे समजावण्याची गरज नाही.

लिलार्ड यांचे उदाहरण अधिक बोधप्रद आहे. त्यांच्या उजव्या पोटरीत मार्चमध्ये रक्ताची गुठळी आढळली. सुमारे महिनाभर ते खेळापासून दूर होते. परतल्यावर तिसऱ्याच सामन्यात जी कंडरा तुटली ती डाव्या पायाची. येथे स्थानिक खवैगुण्याने उलगडा होत नाही. परंतु महिनाभराच्या खंडानंतर बाद फेरीचा संपूर्ण भार शरीरावर आला, म्हणजे सात्म्य सुटले होते आणि क्रम राहिला नव्हता, ही शंका घेण्यास जागा आहे. कंडराभंग एकाच कारणाने होतो असे आम्ही म्हणत नाही. टेटम यांची घटना या साच्यात बसवण्याचा आग्रहही आम्ही धरणार नाही.

शिकागोच्या डेरिक रोझ यांचे स्मरण येथे होते. २०११-१२ चा हंगाम मालक व खेळाडू यांच्यातील वादामुळे २५ डिसेंबरला सुरू झाला आणि ६६ सामने चार महिन्यांत कोंबले गेले. रोझ लहानमोठ्या दुखापतींमुळे त्यांपैकी ३९ सामनेच खेळू शकले, वारंवार बाहेर गेले, वारंवार परतले. २८ एप्रिल २०१२ रोजी बाद फेरीच्या पहिल्याच सामन्यात, संघ बारा गुणांनी पुढे असताना आणि दीड मिनिटाहून कमी वेळ उरला असताना, त्यांच्या डाव्या गुडघ्यातील एसीएल नावाचे लिगामेंट तुटले. तेव्हा ते तेवीस वर्षांचे होते. आदल्या वर्षी ते स्पर्धेतील सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरले होते. ती उंची त्यांना पुन्हा गाठता आली नाही.

आणखी मागे जाऊन १९७८ सालचे पोर्टलंडचे बिल वॉल्टन पाहावेत. दुखऱ्या पायात वेदनाशामक इंजेक्शन घेऊन ते बाद फेरीचा सामना खेळले आणि नंतर त्या पायाचे अस्थिभग्न उघडकीस आले. त्यानंतरचे अनेक हंगाम त्यांच्या हातून गेले. वेदना शमली म्हणजे धातू सावरला असे होत नाही, हा या प्रसंगाचा बोध आहे. तो आधुनिक वैद्यकापुरता मर्यादित नाही.

आपल्या दारातील प्रश्न

कारण हाच प्रसंग लहान प्रमाणात आपल्या चिकित्सालयांत घडतो. बास्केटबॉल आता महाराष्ट्रास परका नाही. २०१९ च्या ४ व ५ ऑक्टोबरला मुंबईत वरळी येथे एनबीएच्या सॅक्रामेंटो व इंडियाना या संघांचे सामने झाले, त्यापूर्वी २०१३ पासून शाळांतून मुलांसाठी उपक्रम सुरू झाले होते. जिल्हा व राज्य पातळीवरील मुलेमुली घोटा, गुडघा, पोटरी यांच्या तक्रारी घेऊन पालकांसह येतात. स्पर्धा चार दिवसांवर असते. पालक म्हणतात, “वैद्यराज, एवढे सामने होऊ द्या, मग महिनाभर विश्रांती देऊ.” आपण लेप देतो, तैल देतो, गुग्गुळाचा कल्प देतो. तीन दिवसांत शूल कमी होतो, आणि कोणी स्पष्ट विचारले नाही म्हणून आपणही स्पष्ट सांगत नाही की हा पाय सामन्यास योग्य झालेला नाही. आपले मौन हीच अनुज्ञा समजली जाते. अमेरिकेतील तालमीवर टीका करण्यापूर्वी या मौनाचा विचार व्हावा, असे आम्हांस कळकळीने वाटते.

यासाठी काही गोष्टी आचरणात आणाव्यात असे सुचवतो. खेळाडू रुग्णाची प्रश्नपरीक्षा करताना वेदनेबरोबर चार प्रश्न अवश्य विचारावेत: गेल्या महिन्यात आठवड्याला किती तास खेळ झाला व या आठवड्यात किती, वर्षात किती महिने हाच एक खेळ चालतो, पूर्वी कोणत्या स्थानी इजा झाली होती, आणि झोप किती होते. शूल शमल्यावर लगेच खेळण्यास सांगू नये. दुखऱ्या पायावर उभे राहून टाच उचलणे, एका पायावर तोल धरणे, हलकी उडी मारणे या क्रिया निरोगी पायाइतक्या होतात का ते स्वतः पाहावे, आणि पुनरागमन पादांशिक क्रमाने लिहून द्यावे: पहिल्या टप्प्यात पाव तालीम, मग अर्धी, मग पाऊण, आणि प्रत्येक टप्प्यात शूल वा शोथ परतल्यास एक पायरी मागे. कंडराभंगाची वा लिगामेंट तुटल्याची शंका येताच अस्थिशल्यविदांकडे पाठवण्यात कमीपणा मानू नये. अभ्यंग व मर्दन यांचे स्थान व्यायामानंतरच्या परिचर्येत आहे. आपल्या तालमींतील वस्तादांनी ते जपले. तथापि तुटलेल्या कंडरेवर मर्दन ही चिकित्सा नव्हे.

औषधी विक्रेत्या बंधूंना एक वेगळी विनंती. ‘खेळाडूंसाठी शक्तिवर्धक’ म्हणून जे विकले जाते त्यातील घटक पाहूनच ते द्यावे. कुचल्यातील स्ट्रिक्निन हे द्रव्य जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या यादीत स्पर्धाकाळासाठी निषिद्ध आहे. शोधनाने त्याचे प्रमाण घटते, ते नाहीसे होत नाही. विषतिंदुक वटी, अग्नितुंडी वटी असे कुपीलुयुक्त कल्प स्पर्धेत उतरणाऱ्या खेळाडूच्या हाती अजाणता पडले, तर पाय बरा होऊनही त्याची कारकीर्द धोक्यात येऊ शकते. ज्या उत्पादनावर घटकांची पूर्ण यादी नाही ते खेळाडूस देऊच नये.

मूळ प्रश्नाचे उत्तर आता थोडक्यात देता येईल. व्यावसायिक बास्केटबॉलमधील दुखापतींचा दोष तालमीला अंशतःच जातो: बालपणी ती एकांगी झाली तेथे, आणि इजेनंतर तिचा क्रम तोडला गेला तेथे. मधला मोठा भार सामन्यांच्या बाजाराचा आहे आणि तो कोणताही प्रशिक्षक वा वैद्य एकटा हलका करू शकणार नाही. परंतु पुनरागमनाचा क्रम मात्र वैद्याच्या हाती असतो. परक्या देशातील कोट्यधीश खेळाडूंच्या बाबतीत तो पाळला गेला की नाही, याची चर्चा आपण करू शकतो. आपल्या गावातील चौदा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत तो पाळणे हे आपले कर्तव्य आहे. अर्धशक्तीचे वचन त्याला ऐकवण्यापूर्वी त्याची पूर्ण शक्ती किती, हे मोजण्याचे कष्ट आपण घ्यावेत, एवढीच नम्र सूचना.

इत्यलम्।